‘बंदी’, ‘६० लाइन्स’, ‘७० विरुद्ध शून्य’: स्टेम सेलच्या घोषणांआड काय आहे?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या स्टेम सेल (शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) वादाबद्दल वाचताना एकीकडे दिसतं, ‘बुश यांनी संशोधनावर बंदी घातली आणि लाखो रुग्णांचे उपचार अडले.’ दुसरीकडे दिसतं, ‘प्रौढ स्टेम सेलने ७० आजार बरे होतात, भ्रूणातल्या पेशींनी एकही नाही.’ दोन्ही बाजूंना डॉक्टर आहेत, दोन्हींकडे आकडे आहेत. मग खरं काय मानायचं?

दोन्हींकडचे आकडे बहुतेक खरेच आहेत. गफलत होते ती मापात. शेराचा भाव सांगायचा आणि हातात पावशेर ठेवायचा, तसला प्रकार. ‘बंदी’ म्हणताना विषय अनुदानाचा असतो. ‘लाइन’ म्हणताना मोजलेल्या असतात फ्रीझरमधल्या कुप्या. ‘आजार बरा होतो’ याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की एखाद्या शोधनिबंधात एखाद्या रुग्णाला थोडा फायदा नोंदला गेला. तेव्हा एकेक घोषणा उलगडून पाहू. काहींना जास्त वेळ लागेल, काही दोन ओळींत संपतील.

बंदीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या पातळीवर मानवी भ्रूणातल्या स्टेम सेलवर काम करणं कधीच गुन्हा नव्हतं. दक्षिण डकोटासारख्या काही राज्यांचे स्वतःचे कडक कायदे आहेत, ती गोष्ट वेगळी. केंद्रात १९९६ पासून आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला दरवर्षी एक कलम जोडलं जातं, त्याला डिकी-विकर दुरुस्ती म्हणतात. संशोधनासाठी मानवी भ्रूण तयार करायला, किंवा ज्यात भ्रूण नष्ट होतो अशा संशोधनाला, केंद्राचा पैसा वापरायचा नाही, इतकंच ते कलम सांगतं. पहिली सही तेव्हाचे डेमोक्रॅटिक अध्यक्ष क्लिंटन यांची होती, हे वादात सोयीस्करपणे विसरलं जातं. म्हणूनच १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉम्सन यांनी मानवी भ्रूणातून पहिल्या सेल लाइन्स (प्रयोगशाळेत वाढत राहणारे पेशींचे वंश) काढल्या, तेव्हा पैसा जेरॉन या खासगी कंपनीचाही होता आणि काम सरकारी अनुदानावरच्या प्रयोगशाळेपासून वेगळ्या जागेत करावं लागलं.

१९९९ च्या जानेवारीत आरोग्य खात्याच्या मुख्य विधी सल्लागार हॅरिएट रॅब यांनी मत दिलं की स्टेम सेल म्हणजे भ्रूण नव्हे. पेशी बाहेर काढून झाल्यावर त्यांच्यावर काम करायला सरकारी पैसा चालेल. या दोन पायऱ्या पक्क्या लक्षात ठेवा: भ्रूणातून पेशी काढणं ही एक, आणि काढलेल्या पेशींवर काम करणं ही दुसरी. पुढची २५ वर्षांची सगळी हमरीतुमरी या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत झाली आहे.

९ ऑगस्ट २००१ रोजी रात्री ९ वाजता तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी भाषण केलं. त्या क्षणाआधी ज्या लाइन्स निघाल्या, त्यांच्यावरच्या कामाला सरकारी पैसा मिळेल, नंतरच्यांना नाही. अटी आणखी होत्या: भ्रूण आयव्हीएफमधला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातला) उरलेला असावा, दात्यांची संमती असावी, मोबदला दिलेला नसावा. मानवी भ्रूणातल्या स्टेम सेलवरच्या कामाला केंद्राचा पहिला पैसा याच धोरणाखाली, २००२ मध्ये मिळाला. त्यामुळे ‘पहिला निधी बुश यांनीच दिला’ ही त्यांच्या समर्थकांची घोषणाही अक्षरशः खरी आहे, आणि ‘बुश यांनी संशोधनाची कोंडी केली’ हीसुद्धा खरी.

कोंडी कशी झाली, हे प्रयोगशाळेत पाहिल्याशिवाय कळत नाही. अनुदानाचा हिशेब वस्तूगणिक असतो. इनक्युबेटर सरकारी अनुदानातून घेतला असेल, तर २००१ नंतर काढलेल्या लाइनची एक थाळीही त्यात ठेवता येत नसे. सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, द्रवरूप नायट्रोजनची टाकी, माध्यमाच्या बाटल्या, अगदी संशोधक विद्यार्थ्याच्या पगाराचे तास, सगळ्याची वेगळी नोंद. म्हणून विद्यापीठांनी खासगी पैशातून वेगळ्या खोल्या बांधल्या आणि कुठलं उपकरण कुठल्या पैशाचं हे कळावं म्हणून त्यांवर लेबलं चिकटवली. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २००४ मध्ये खासगी पैशातून १७ नव्या लाइन्स काढून इतरांना वाटल्या, पण त्या घेणाऱ्यालाही तोच वेगळा संसार मांडावा लागे. मोठ्या विद्यापीठाला ते परवडलं. मध्यम प्रयोगशाळेतल्या, पहिलंच अनुदान मिळवू पाहणाऱ्या तरुण संशोधकाला नाही. तो दुसऱ्या विषयाकडे वळला. धोरणाचा खरा फटका हा होता, आणि तो ३० सेकंदांच्या जाहिरातीत मावत नाही.

९ मार्च २००९ रोजी ओबामा यांनी तारखेची अट काढली. ‘ओबामांनी बंदी उठवली’ हे वाक्यही अर्धंच आहे, कारण डिकी-विकर कलम जागच्या जागी राहिलं. आजही नवी लाइन काढण्याचं काम खासगी किंवा राज्याच्या पैशातूनच होतं. मग संमतीची कागदपत्रं तपासून ती राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, नोंदवहीत जाते आणि त्यानंतर तिच्यावर सरकारी पैसा लागतो. फट किती नाजूक आहे हे २०१० च्या २३ ऑगस्टला दिसलं. एका जिल्हा न्यायाधीशांनी या दोन पायऱ्या वेगळ्या मानायला नकार दिला आणि सगळा निधी थांबवला. अपील न्यायालयाने अडीच आठवड्यांत स्थगिती दिली, पुढे निकालही फिरवला, आणि २०१३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालायला नकार दिल्यावर ते संपलं. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने स्वतःचा मार्ग काढला होता: नोव्हेंबर २००४ च्या जनमतात ३०० कोटी डॉलरचे रोखे मंजूर झाले. देशात ‘बंदी’ आहे म्हणणाऱ्यांनी आणि देशभर निधीचा पूर वाहतोय म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे कॅलिफोर्निया प्रकरण आपापल्या सोयीने वापरलं.

आता ‘६० लाइन्स’. बुश यांच्या भाषणात जगभरात ६० हून अधिक लाइन्स आधीच आहेत असं वाक्य होतं. ऐकणाऱ्याला वाटलं, चला, ६० आहेत म्हणजे पुष्कळ झाल्या. पण लाइन म्हणजे काय?

फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे १०० ते २०० पेशींचा पोकळ चेंडू असतो, ब्लास्टोसिस्ट. बाहेरचा थर पुढे वार बनवतो. आत एका बाजूला चिकटलेला छोटा गोळा असतो, आपल्याला हव्या त्या पेशी तिथे. बाहेरचा थर काढून तो गोळा पोषक पेशींच्या गालिच्यावर ठेवायचा. त्या काळी हा गालिचा उंदराच्या गर्भातल्या तंतुपेशींचा असे. त्यांनी वाढू नये पण जिवंत राहावं म्हणून त्यांना मायटोमायसिन हे औषध किंवा किरणोत्सर्ग दिलेला असतो. दहा-पंधरा दिवसांत गोळ्यापासून पुंजका वाढला, तर तो हाताने तोडून नव्या थाळीत टाकायचा, म्हणजे वाटायचा. मग दर पाच-सात दिवसांनी हेच. तुकडे फार लहान केले तर पेशी मरतात, फार मोठे ठेवले तर मधल्या पेशी वेगळ्याच कशात तरी रूपांतरित होऊ लागतात. हे महिनोन्‌महिने टिकलं, गुणसूत्रं ४६ आणि धड राहिली, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्यावर शरीराच्या तिन्ही मूळ स्तरांच्या ऊतींची गाठ तयार झाली, आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावर पेशी जगल्या, की मग त्याला लाइन म्हणायचं. थॉम्सन यांचा हिशेब बघा: ३६ भ्रूणांपैकी २० ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचले, १४ मधून आतला गोळा निघाला, आणि लाइन्स झाल्या ५.

एनआयएचने ऑगस्ट २००१ अखेरीस जी यादी दिली तिच्यात जगभरच्या १० ठिकाणच्या ६४ नोंदी होत्या. त्यांतली ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसची आणि ३ बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राची. सर्वांत जास्त, १९, स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या. पण यादीचं माप होतं ‘अटीत बसणारं व्युत्पादन’, म्हणजे मुदतीआधी सुरू झालेला प्रयत्न. काही नोंदी म्हणजे पहिल्या वाटणीनंतर लगेच गोठवलेल्या कुप्या होत्या. वितळवल्यावर त्यातून काही उगवेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे यादी ७८ वर गेली. प्रत्यक्षात संशोधकाला मागवून वापरता येतील अशा लाइन्स मात्र २१ च्या आसपास थांबल्या, आणि मुंबई-बंगळुरूच्या १० पैकी एकही त्यांत नव्हती. मिळायच्या त्याही फुकट नव्हत्या: विस्कॉन्सिनकडची कुपी विद्यापीठांना आधी ५,००० डॉलरला पडे, २००५ मध्ये तिथे राष्ट्रीय स्टेम सेल बँक झाल्यावर ती ५०० वर आली.

इथे विरुद्ध बाजूनेही हात मारून घेतला. २००५ च्या जानेवारीत दिसलं की या पेशींच्या पृष्ठभागावर एक अमानवी शर्करा-आम्ल चिकटलं आहे. माणसाचं शरीर ते बनवत नाही. उंदराच्या पोषक पेशींतून आणि प्राण्यांच्या सीरममधून ते आलं होतं, आणि बहुतेक माणसांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. लगेच घोषणा झाली: ‘सरकारी लाइन्स दूषित आहेत, माणसात कधीच वापरता येणार नाहीत.’ पहिला भाग बरोबर होता, दुसरा घाईचा. माध्यम आणि पोषक पृष्ठभाग बदलून पेशी वाढवता येतात, आणि प्राणिजन्य संसर्गाच्या जादा चाचण्या करता येतात. मानवी भ्रूणातल्या स्टेम सेलची जगातली पहिली चाचणी २०१० मध्ये झाली ती थॉम्सन यांच्या एच-१ लाइनपासून. पार्किन्सनसाठी २०२५ मध्ये निकाल आलेली चाचणी एच-९ पासून. दोन्ही १९९८ च्या त्या पाचांतल्या, म्हणजे उंदराच्या गालिच्यावर वाढलेल्या. जुन्या लाइन्सची खरी अडचण दुसरी होती आणि ती फारशी चर्चेत आलीच नाही: पेशी जितक्या वेळा वाटल्या जातात तितकी चुकीच्या पेशींना संधी. १२ वं किंवा १७ वं गुणसूत्र जादा झालेली, किंवा २० व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेली पेशी जरा जोमाने वाढते आणि काही वाटण्यांत सगळी थाळी व्यापते. बाहेरून काही कळत नाही, उलट थाळी नेहमीपेक्षा छान दिसते. म्हणून ठरावीक वाटण्यांनी गुणसूत्र तपासणी करायची आणि सुरुवातीच्या कुप्यांचा साठा जपायचा. दोन डझन लाइन्सवर सगळं जग काम करत असेल, तर हा साठाच संपत जातो.

‘७० विरुद्ध शून्य’ ही घोषणा माझ्या मते सगळ्यात हुशारीने बनवलेली आहे, कारण तिच्यातला शून्य खरा होता. २००६ मध्ये भ्रूणातल्या स्टेम सेलने बरा झालेला एकही रुग्ण नव्हता. कसा असेल? ऑक्टोबर २०१० पर्यंत त्या पेशी एकाही माणसाला अधिकृत चाचणीत टोचलेल्याच नव्हत्या. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा प्रौढ, म्हणजे जन्मलेल्या माणसाच्या शरीरातून घेतलेल्या, स्टेम सेलचा खरा यशस्वी उपचार. डॉनल थॉमस यांचे पहिले प्रयत्न १९५७ चे आणि त्यांना नोबेल मिळालं १९९० मध्ये. मानवी भ्रूणातल्या पेशी हाती आल्या १९९८ ला. पन्नाशीच्या माणसाची कमाई आणि आठ वर्षांच्या मुलाची कमाई शेजारी शेजारी लिहून ‘बघा’ म्हणण्यासारखं हे आहे. पैशाचं प्रमाणही तसंच: २००६ मध्ये एनआयएचने मानवी भ्रूणपेशींवर सुमारे ३.८ कोटी डॉलर खर्च केले, मानवी प्रौढ व इतर स्टेम सेलवर सुमारे २० कोटी.

आता ७० कडे. तेव्हा फिरत असलेली यादी ६५ आजारांची होती. कौटुंबिक मूल्यांसाठी काम करणाऱ्या एका राजकीय संघटनेच्या शास्त्रज्ञाने ती केली होती. जुलै २००६ मध्ये तीन संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पत्र लिहून ती नोंदीगणिक तपासली. सर्व टप्प्यांच्या चाचण्या पार करून अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता असलेले उपचार त्यांतल्या फक्त ९ आजारांसाठी होते. यादीकर्त्याचं उत्तर होतं की ‘रुग्णाला काही फायदा दिसला’ इतकाच आपला दावा होता. लेखी दावा तसा असेलही. पण सभागृहात आणि टीव्हीवर पोचेपर्यंत तो ‘७० आजार बरे होतात’ असा झालेला होता.

यादीच्या आत डोकावलं तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्याकडच्या वाचकाच्याही थेट उपयोगाची आहे. लिम्फोमा, मायलोमा, वृषणाचा कर्करोग अशा नोंदींमध्ये स्टेम सेल आजार बरा करतच नाहीत. तिथे केमोथेरपीचा इतका मोठा डोस द्यायचा असतो की कर्करोगाबरोबर मज्जाही जळून जाते. म्हणून आधी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेल काढून गोठवतात आणि नंतर परत देतात. मारतं ते औषध. स्टेम सेल पाडलेलं घर पुन्हा उभं करतात. याला ‘स्टेम सेलने कर्करोग बरा झाला’ म्हणणं म्हणजे शस्त्रक्रियेचं श्रेय टाक्यांना देणं. शिवाय एकाच रक्ताच्या कर्करोगाचे चार उपप्रकार चार आजार म्हणून मोजले की यादी आपोआप फुगते.

मुंबई-पुण्याच्या प्रसूतिगृहांत नाळेतलं रक्त साठवण्याची जी पत्रकं मिळतात, त्यांतला ‘८० हून अधिक आजार’ हा आकडा याच जातकुळीतला. त्यातले बहुतेक रक्ताचे व जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत बाळाच्या स्वतःच्या पेशी चालतच नाहीत. थॅलॅसेमियाचा दोष बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असतोच. तिथे निरोगी भावंडाच्या किंवा जुळणाऱ्या दात्याच्या पेशी लागतात. प्रमाणाचाही प्रश्न आहे. प्रत्यारोपणाला वजनाच्या दर किलोमागे निदान २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. एका नाळेतून साठवल्यावर बरेचदा १०० कोटीही उरत नाहीत. स्वतःच्या वापरासाठी खासगी साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घरात आधीच असा आजार असलेलं भावंड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तविकारतज्ज्ञाशी बोलून साठवणं शहाणपणाचं ठरू शकतं. आणि पत्रक पुढे करणाऱ्याला विचारायचंच असेल, तर पेशींची संख्या गोठवण्याआधीची सांगताय की वितळवल्यानंतरची, हे विचारा.

‘प्रौढ पेशी नैतिक, म्हणून सुरक्षित’ हा याच घोषणेचा धाकटा भाऊ. स्वतःच्या पोटावरची चरबी काढून, त्यातल्या पेशी वेगळ्या करून, त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचलेल्या फ्लोरिडातल्या तीन महिलांची दृष्टी जवळपास गेली. हे प्रकरण मार्च २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिघींनी प्रत्येकी ५,००० डॉलर मोजले होते. भ्रूण कुठेच नव्हता. तुलनेसाठी नियंत्रण गट नव्हता, आणि एक डोळा राखून ठेवावा एवढी साधी खबरदारीही घेतली गेली नव्हती.

संशोधनाच्या बाजूच्या घोषणा कमी दोषी नाहीत. जून २००४ मध्ये अल्झायमर झालेले माजी अध्यक्ष रेगन यांचं निधन झालं आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांच्या पाठिंब्यामुळे स्टेम सेल आणि अल्झायमर हे शब्द लोकांच्या मनात कायमचे जोडले गेले. त्याच महिन्यात सरकारी संस्थेतलेच स्टेम सेल संशोधक रॉन मॅके वृत्तपत्राला म्हणाले की लोकांना सुरुवातीला एक परीकथा लागते. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडतो; त्या परीकथेची किंमत मात्र पुढे क्लिनिकवाल्यांनी वसूल केली. ११ ऑक्टोबर २००४ ला, मज्जारज्जूच्या इजेने चाकाच्या खुर्चीत असलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी सांगितलं की केरी अध्यक्ष झाल्यावर रीव्ह यांच्यासारखी माणसं खुर्चीतून उठून चालू लागतील. त्या दिवशी जगात मज्जारज्जूच्या इजेसाठी भ्रूणपेशींची एकही मानवी चाचणी सुरू नव्हती.

कोणता आजार पेशी बदलून सुधारण्याजोगा, हे ओळखायला एक ढोबळ कसोटी पुरते: एकाच जातीच्या पेशी, एकाच जागी, आणि त्यांनी फक्त एखादं रसायन पुरवायचं असेल किंवा थर म्हणून बसायचं असेल, तर आशा आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या एका छोट्या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जातात. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी. डोळ्याच्या पडद्याच्या काही विकारांत मागचा रंगद्रव्याचा थर. अल्झायमरमध्ये मात्र अनेक जातींच्या पेशी, मेंदूभर, आणि त्यांच्यातल्या आयुष्यभराच्या जोडण्यांसकट जातात. तिथे नवी पेशी टाकून आठवण परत येत नाही. प्रयोगशाळेत त्या आजाराच्या पेशी वाढवून औषधं पारखायला स्टेम सेलचा फार उपयोग आहे, पण ‘थाळीत आजार अभ्यासू’ यावर कोण टाळ्या वाजवणार?

‘चार लाख भ्रूण नाहीतरी फेकलेच जाणार आहेत’ हे वाक्य दोन्ही छावण्यांनी वापरलं. एकांनी संशोधनासाठी, दुसऱ्यांनी दत्तक देण्यासाठी. १९ जुलै २००६ ला बुश यांनी स्टेम सेल निधीच्या अटी सैल करणाऱ्या विधेयकावर आपला पहिला नकाराधिकार वापरला तेव्हा मंचावर असे दत्तक भ्रूण म्हणून जन्मलेली मुलं होती. आकडा २००३ च्या सर्वेक्षणाचा: अमेरिकेत ३,९६,५२६ गोठवलेले भ्रूण. त्यांतले ८८ टक्के जोडप्यांनी स्वतःच्याच पुढच्या प्रयत्नांसाठी राखलेले. संशोधनासाठी दिलेले २.८ टक्के, दुसऱ्या जोडप्यांसाठी २.३ टक्के, टाकून द्यायचे २.२ टक्के. म्हणजे संशोधनाच्या वाट्याला सुमारे ११,०००. त्यांतले वितळवल्यावर साधारण ६५ टक्के जगतील, त्यांतले चौथा हिस्सा ब्लास्टोसिस्टपर्यंत जातील, त्यांतल्या १५ टक्क्यांतून लाइन निघेल, असा अंदाज धरून सर्वेक्षकांनीच उत्तर काढलं होतं: सुमारे २७५ लाइन्स. चार लाखांची घोषणा आणि २७५ चा हिशेब, दोन्ही एकाच अहवालात आहेत.

क्लोनिंगवरच्या भांडणाबद्दल फार लिहीत नाही. ते शब्दाच्या व्याख्येवरचं भांडण होतं: बीजांडातलं केंद्रक बदलून भ्रूण बनवणं हे क्लोनिंग, की तो गर्भाशयात ठेवून मूल जन्माला घालणं हे क्लोनिंग? २००६ च्या मिसुरी राज्याच्या जनमतात एकाच मजकुराला एक बाजू ‘क्लोनिंगबंदी’ म्हणत होती, दुसरी ‘क्लोनिंगला परवाना’. दोघीही आपापल्या व्याख्येने बरोबर. मतदारांनी तो जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर केला. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी रुग्णांच्या ११ क्लोन लाइन्स केल्याचा दावा २००५ मध्ये केला, तो खोटा निघाला आणि जानेवारी २००६ मध्ये निबंध मागे घेतले गेले; दोन हजारांहून अधिक बीजांडं त्यात खर्ची पडली होती. बीजांडं देणाऱ्या बायकांच्या शरीरावर काय गुदरतं, हा खरा नैतिक प्रश्न दोन्ही घोषणांच्या बाहेरच राहिला.

मग २००७ चा २० नोव्हेंबर. क्योटोचे शिन्या यामानाका आणि विस्कॉन्सिनचे थॉम्सन, दोघांच्या गटांनी एकाच दिवशी जाहीर केलं की माणसाच्या त्वचेच्या पेशी उलट फिरवून भ्रूणपेशींसारख्या करता येतात. यांना आयपीएस पेशी म्हणतात. घोषणा तयारच होती: ‘वाद संपला, भ्रूणाची गरज नाही.’ नैतिक अडचण खूपच हलकी झाली हे मान्य. पण यामानाकांनी ज्या २४ जनुकांतून ४ निवडली, ती यादीच भ्रूणपेशींच्या अभ्यासातून आली होती, आणि नवी आयपीएस लाइन नीट जमली की नाही हे पारखायला शेजारी ठेवायचा नमुना म्हणजे पुन्हा एच-१ किंवा एच-९. व्यवहारातली अडचण वेगळीच निघाली. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेला स्वतःच्याच त्वचेपासून केलेला रंगद्रव्याचा थर डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत उत्परिवर्तनं दिसली आणि प्रत्यारोपण झालंच नाही. दर रुग्णामागे नवी लाइन, नवी तपासणी, नवा धोका, आणि खर्च येन मोजताना कोटींत. म्हणून पुढची पावलं तयार दात्यांच्या पेशींकडे गेली, म्हणजे ‘तुमच्याच पेशी, नाकारल्या जाणार नाहीत’ ही आयपीएसची सर्वांत गोड जाहिरात तिथेच मागे पडली.

भारतात एखादं क्लिनिक या सगळ्या शब्दांचा मसाला करून ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा मज्जारज्जूच्या इजेवर ‘उपचार’ विकत असेल, तर तपासणी सोपी आहे. रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळता बाकी गोष्टी २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणी म्हणूनच करता येतात. २०१३ मध्ये तर या तत्त्वांच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्दच काढला गेला. चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीचा क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर टाकून बघा. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, म्हणून औषध महानियंत्रकांची परवानगी आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता वेगळी मागा. आणि चाचणीतल्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. दोन-तीन लाखांचं ‘पॅकेज’ सांगितलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही.

आता ताजे आकडे, कारण नव्या घोषणा यांच्यावरच बनतील. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनच्या १२ रुग्णांचा १८ महिन्यांचा निकाल आला. मेंदूच्या प्रत्येक बाजूला ९ लाख किंवा २७ लाख पेशी सोडल्या होत्या. पेशी टिकल्या, गाठी झाल्या नाहीत, जुन्या गर्भऊती-प्रत्यारोपणांत दिसलेल्या अनैच्छिक हालचालीही दिसल्या नाहीत. पण नियंत्रण गट नव्हता, आणि पार्किन्सनमध्ये खोट्या शस्त्रक्रियेनेही माणसाला बरं वाटतं, हे आधीच्या चाचण्यांनी दाखवलेलं आहे. जून २०२५ मध्ये टाइप १ मधुमेहाचा निकाल आला. भ्रूणातल्या स्टेम सेलपासून केलेल्या बीटा पेशींच्या बेटांचा पूर्ण डोस, ८० कोटी पेशी, १२ जणांना यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून दिला. वर्षभरानंतर त्यांतले १० जण इन्सुलिनशिवाय होते. चाचणीतल्या एकूण १४ पैकी दोघांचा मृत्यू झाला. एक बुरशीच्या मेंदूज्वराने, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेताना असा संसर्ग होऊ शकतो. दुसरा आधीपासूनचा मेंदूचा विकार बळावल्याने.

‘१२ पैकी १० जण बरे’ आणि ‘१४ पैकी २ मृत्यू’, दोन्ही फलक यातून रंगवता येतात. निवडलेले रुग्ण साधे मधुमेही नव्हते. साखर घसरल्याचं जाणवतच नाही आणि त्यामुळे जिवावर बेततं, अशा गटातले होते. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घेणं परवडेल. पुण्यातल्या एखाद्या दहा वर्षांच्या, इन्सुलिन पंपावर नीट चाललेल्या मुलाला ती द्यावीत का, हा हिशेब पूर्ण वेगळा आहे. म्हणून सध्या ज्या प्रयत्नांकडे लक्ष ठेवावं ते पेशींना जाळीच्या पिशवीत बंद करून किंवा त्यांच्यावरची ओळखचिन्हं जनुकसंपादनाने काढून ही औषधं टाळण्याचे. पिशवीत मोठी अडचण प्राणवायूची येते: पिशवीभोवती व्रणऊती जमते, रक्तवाहिन्या लांब राहतात आणि मधल्या पेशी गुदमरतात.